छत्रीचं तोंड

"कोनं फिरवली हे छत्री? कोनाच्या हाताले खाज सुटली होती?"

सकाळी सकाळी मी पंचायतीच्या गच्चीवर उभी राहून बोंबलत होते. पेंटर रंगाचे डबे गोळा करत होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. इंटरनेटची ती मोठी छत्री, जी बसवल्या दिवसापासून गावाकडे पाठ करून जंगलावरच्या आभाळाकडे बघत होती, ती आज रस्त्याकडे तोंड करून उभी होती. अंगाला ताजा चंदेरी रंग, त्यावर लाल अक्षरं: 'डिजिटल ग्राम कोसमपेठ आपले स्वागत करीत आहे'. रंग ओलाच होता आणि 'स्वागत'मधून एक लाल ओघळ खाली आला होता.

"मले गुणवंतरावनं सांगतलं, मॅडम," पेंटर म्हणाला. "बोल्ट जाम होता. हातोडा मारला तं तुटून गेला थो. माहा काय दोष?"

गुणवंतराव म्हणजे आमच्या सरपंच आशाबाईंचे यजमान. सही आशाबाईंची, बाकी सगळं यांचं. ते खाली अंगणात, जिल्ह्याहून येणाऱ्या साहेबांसाठी मांडव घालणाऱ्यावर खेकसत होते. मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून विचारलं, तर वर बघून अगदी शांतपणे म्हणाले, "अवो मॅडम, साहेब रस्त्यानं येतीन का जंगलातून? पाव्हना दारात येते अन् छत्री त्याच्याकडं पाठ करून उभी! बरं दिसते काय?"

आता या माणसाला काय सांगायचं? वर आभाळात उपग्रह आहे, छत्रीचं तोंड त्याच्याकडे असलं तरच लाइन येते, हे मी त्यांना बसवली तेव्हाच सांगितलं होतं. त्यांना कळत नव्हतं असंही नाही. कळून घ्यायची गरज वाटत नव्हती.

"लाइन गेली न गुणवंतराव! बाराले लाइव्ह कार्यक्रम हाय तुमचा. काय दाखवान साहेबाले? अक्षरं?"

"तं करा न सरळ. केवळरामले सांगा. त्याचं कामच हाय थे."

केवळरामच्या घरी काय झालंय हे त्यांना माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं.

मी दिव्यानी, या पंचायतीची संगणक परिचालक. माहेर पोंभुर्ण्याचं, सासर इथलं, अहेरीच्या पुढे जंगलात. माझी जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं. म्हणो बापडं. या ऑफिसात बसून मी जे बघते ते बघितलं असतं तर त्यांच्याही जिभेला धार आली असती.

गावात मोबाईलचा टॉवर आहे, पण तो नुसता उभा आहे. तारा जळाल्या, मग बॅटऱ्या गेल्या, मग त्याची आठवणही गेली. फोन लावायचा तर तलावाच्या पाळीवर चढायचं, तिथे एखादी काडी मिळते. तिच्यावर आवाज कसाबसा जातो, चित्र जात नाही. चित्र हवं तर पंचायतीची छत्री. तीही काय धावते म्हणता! एका वेळी एक व्हिडिओ चालला तर नशीब. दुसऱ्यानं कुठं लावला की दोघांच्याही पडद्यावर चकरी फिरायला लागते. फिरते, फिरते, माणसाचं डोकं फिरेपर्यंत फिरते.

आणि त्या एवढ्याशा लाइनीवर चालायचं काय? शाळेच्या पोरांचे धडे म्हणून छत्री आली होती. धडे चकरीत अडकले. पासवर्ड मात्र सरपंचांच्या घरातून सगळ्या भाऊबंदांत पोचला. दुपारभर पंचायतीच्या ओट्यावर रिकामटेकडे पसरलेले, एकाच्या हातात क्रिकेट, दुसऱ्याच्या हातात कंबर हलवणाऱ्या बाया, आणि पिचकाऱ्या माझ्या दाराशी. मी हाकलले की गुणवंतराव म्हणणार, "पाहू द्या न मॅडम, तुमच्या बापाची हाय काय?"

या सगळ्यात छत्रीला हात लावणारा माणूस एकच होता, केवळरामभाऊ. पंचायतीचा शिपाई. जातीचा ढिवर, पहाटे तलावात जाळं टाकायचा, मासोळी बायकोच्या, गोकुळाबाईच्या टोपल्यात घालायचा आणि आंघोळ करून, भांग पाडून पंचायतीत हजर. आल्या आल्या जिना चढून छत्री पुसायचा. कावळे तिच्यावर घाण करायचे, वांदरं तिच्यावर लोंबकळायची, वादळात सागाची पानं येऊन चिकटायची. हा ओल्या फडक्यानं सगळं साफ करायचा आणि काठी आपटून वांदरं पिटाळायचा. पुसताना वासरावरून फिरवावा तसा हात फिरायचा त्याचा. एवढी वर्षं पुसली त्यानं ती छत्री, पण तिच्यातून स्वतःसाठी कधी एक चित्र मागितलं नाही. "सरकारी हाय थे," म्हणायचा.

त्याचा एकुलता एक पोरगा अमर. आधी मिरची तोडाईला तेलंगणात जायचा, मग गावातल्याच प्रफुलसोबत गुजरातेत एका बांधकामावर गेला. दोन दिवाळ्या झाल्या, परत आला नव्हता. रविवारी पाळीवर फोन यायचा. एकदा केवळरामभाऊ मला हसत हसत म्हणाला होता, "मॅडम, पोरानं दाढी ठेवली म्हन्ते. मी म्हटलं, लेका, तू ढिवराचा हायेस का साधूचा?"

"व्हिडिओ लावून देऊ काय भाऊ? पाहून घ्या न साधू."

"नाई नाई. उगाच सरकारी लाइन. येईन थो मार्कंड्याच्या जत्रेले, तवा पाहीन."

जत्रा झाली, तो आला नाही. आणि आदल्या संध्याकाळी पाळीवरच फोन आला, प्रफुलचा. अमर वरच्या मजल्यावरून पडला.

प्रेत पाठवायला ठेकेदार तयार नव्हता. रस्ता लांबचा, ऊन एप्रिलचं, गाडीवाला येत नाही, हे आणि ते. "अग्नी इकडंच देऊ," म्हणाला, "मायबापाले व्हिडिओवर सगळं दाखवू." हे त्यानं मेहेरबानी केल्यासारखं सांगितलं, असं प्रफुल रडत म्हणाला. सकाळच्या वेळी तिथे घाट मोकळा नव्हता, म्हणून बाराची वेळ ठरली. वरून येणारं भाषण टीव्हीवर लावायचा साहेबांचा लाइव्ह कार्यक्रमही बाराचाच. मी आदल्या दिवशीच गुणवंतरावांना म्हटलं होतं, दहा मिनिटं लाइन केवळरामभाऊला द्या, मग तुमचा कार्यक्रम लावते. "पाहू," म्हणाले होते. ते 'पाहू' गच्चीवर लाल अक्षरांत उभं होतं.

केवळरामभाऊ आला तेव्हा मी अजून पेंटरला झापत होते. डोळे सुजलेले, पण भांग पाडलेला.

"भाऊ, तुमी काऊन आले आत्ता? गोकुळाबाईले घेऊन बाराले याचं होतं न?"

"साहेब येऊन राह्यले न मॅडम. चटया टाकाच्या हायेत." मग त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "छत्री फिरली काय?"

"फिरवली या अकलेच्या कांद्यांनी!"

"मंग अमर कसा दिसन?"

त्याचा आवाज चढला नाही. माझाच चढलेला होता.

तो चटया टाकायचं सोडून गच्चीवर चढला. मी खाली ऑफिसात खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसले आणि ओरडू लागले, पूर्वी टीव्हीच्या अँटिनासाठी ओरडायचो तशी. "डावीकडं घ्या... अजून... गेली, गेली! मागं या... थोडीशी वर... आली! आली भाऊ! हलू नका!"

लाइन आली. पण बोल्ट तुटलेला. हात सोडला की छत्री आपली वाऱ्यानं डुलायची आणि लाइन जायची. त्यानं विटा लावून पाहिल्या, जाळ्याची दोरी आणून आवळून पाहिलं. दोरीनं ती पडायची नाही एवढंच, बाकी डुलणं चालूच. धरून उभा राहील असा एक माणूस हवा होता, बस्स. त्याच्या पोराच्या अग्नीपुरता एक माणूस.

तेवढ्यात गोकुळाबाई आली. हातात पितळेचा गडवा, काठोकाठ तलावाचं पाणी, त्यात तुळशीचं पान. आमच्याकडे माती व्हायच्या आधी घरचे एकेक जण मृताच्या ओठांवर पाणी सोडतात. पाणी पाजल्याशिवाय कोणी जात नाही. तिनं गडवा माझ्या टेबलावर ठेवला आणि लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "बाई, याच्यातून त्याच्या तोंडाशी हात पुरन काय वं?"

"तिथी प्रफुल पाजन, गोकुळाबाई. तुमी इथून सोडा."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

बाहेर मांडवात लोकांना आणून बसवलं होतं. मोहाचे दिवस, पहाटेपासून बाया फुलं वेचून आलेल्या, दारात फुलं वाळत पडलेली, आणि यांना हातात कागदी झेंडे देऊन उन्हात मांडी घालायला लावलेली. मी गुणवंतरावांना गाठलं.

"एक मानूस द्या गच्चीवर. छत्री धराले. केवळरामभाऊले खाली येऊ द्या, त्याच्या पोराची माती हाय."

"कोनाले उठवू, मॅडम? साहेबाले शंभराच्या वर मान्सं सांगतली हायेत. एक उठला की धा उठतेत. फोटो खाली दिसन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मले काय दुःख नाई काय? पन कार्यक्रम वरून लागला हाय. कोन किती वेळ जोडलं थे वर दिसते. धा मिन्टं कळ काढा म्हना त्याले."

दुःख! तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबून दुःख सांगत होते.

साहेबांची गाडी आली. उतरल्या उतरल्या गुणवंतरावांनी हार घातला आणि हात वर करून छत्री दाखवली. छत्रीची पाठ होती, अर्थातच. गुणवंतरावांचं तोंड उतरलं. "केवळराम! अबे फिरव न इकडं! साहेबाले अक्षरं दाखवाची हायेत!"

मी दारातून ओरडले, "फिरवू नका! आत्ताच लाइन लागली हाय!"

"फोटो झाला की लावा न परत," साहेब म्हणाले. ते शहरातले, शुद्ध बोलणारे, गॉगलवाले. "पाच मिनिटांनी काय होतं?"

केवळरामभाऊनं छत्री फिरवली. नोकर माणूस, दुसरं काय करणार? साहेब, गुणवंतराव, डोक्यावर पदर घेतलेल्या आशाबाई, सगळे अंगणात ओळीनं उभे राहिले, मागे वर छत्री. फोटोवाला मोबाईल रोखून म्हणाला, "वरचा मानूस दिसून राह्यला जी."

"केवळराम, खाली बस," गुणवंतराव ओरडले. "डोस्कं दिसून राह्यलं तुहं."

आणि केवळरामभाऊ छत्रीमागे खाली बसला. छत्री हलू नये म्हणून हात मात्र वरच होते, कडेला धरलेले, फक्त बोटं दिसत होती. एवढ्या वर्षांत पंचायतीत खूप काही बघितलं, पण एखाद्याच्या पोराचं प्रेत घाटावर पडलेलं असताना त्याला फोटोत येऊ नको म्हणून लपायला सांगणारी जात मी पहिल्यांदा बघितली. बसलेल्या शंभर जणांपैकी एकाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. त्यात माझे सासरेही होते.

फोटो झाला. पुन्हा माझी ओरडाओरड, डावीकडं, मागं, वर. लाइन आली. मांडवातल्या टीव्हीवर कार्यक्रम सुरू झाला. खुर्चीवर बसलेला कोणी मोठा माणूस बोलायला लागला, दोन वाक्यं बोलला आणि तोंड उघडं टाकून थांबला. चकरी. पुन्हा अर्धं वाक्य. पुन्हा चकरी. ते उघडं तोंड बघत शंभर माणसं गप्प बसली होती. गुणवंतरावांनी खूण केली की टाळ्या वाजवत होती.

आणि माझ्या लॅपटॉपवर प्रफुलचा फोन आला.

मी उचलला. चौकोन, चौकोन, करडे आणि पिवळे. त्यातून प्रफुलचा तुटका आवाज. "...काकू... दिसून... काय? ...इथी... घाई करून राह्यले..." मग चकरी.

गोकुळाबाई उठून पडद्याजवळ आली. "कुठी हाय? मले काई दिसून नाई राह्यलं."

वरून केवळरामभाऊनं विचारलं, "आला काय फोन?"

"आला भाऊ!"

"मंग मी येऊ खाली?"

"नका येऊ! हात सोडला तं जाते!"

मी दारात धावले. साहेब पहिल्या रांगेत सोफ्यावर होते. मी वाकून म्हटलं, "साहेब, पाच मिनिटं टीव्ही बंद करते. शिपायाचा मुलगा वारलाय, तिकडे अग्नी देतायत, आईबापांना शेवटचं बघायचंय. दोन्ही एकदम चालत नाही."

साहेबांनी गॉगल काढला. वाईट वाटल्याचा चेहरा केला. "अरेरे. मग त्यांना रेकॉर्ड करून ठेवायला सांगा ना. नंतर निवांत बघता येईल."

निवांत! मी या शब्दावर थुंकले असते, पण वेळ नव्हता. ऑफिसात गेले आणि मांडवात जाणारी वायर इंटरनेटच्या पेटीतून हिसकून काढली. बाहेरचा आवाज बंद पडला. मी लॅपटॉपपाशी आले, तर चौकोन एकेक करून वितळत होते. आधी प्रफुलचा खांदा दिसला, मग लाकडं, मग पांढरं कापड. आणि मग प्रफुलनं मोबाईल जवळ नेला आणि अमर दिसला.

दिसला म्हणजे अर्धाच. डाव्या गालापासून हनुवटीपर्यंत सगळं पट्ट्यांनी आवळलेलं, जबडा एका बाजूला सरकलेला, पट्टीला काळे डाग. दाढी पट्टीखाली असेल तर असेल. एक डोळा तेवढा नीट मिटलेला होता, झोपल्यासारखा. त्या डोळ्यावरून तो अमर आहे हे ओळखू येत होतं.

गोकुळाबाईनं तोंडावर पदर दाबला. मला वाटलं ती कोसळेल, म्हणून मी तिचा दंड धरला.

वरून हाक आली. "अमरची माय! दिसला काय वं?"

तिनं पदर काढला. खिडकीशी गेली आणि वर तोंड करून म्हणाली, "दिसला जी. साफ दिसून राह्यला."

"कसा हाय?"

"झोपला हाय."

"तोंडाले लागलं काय त्याच्या?"

गोकुळाबाईनं एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती, तंबी होती. "नाई. तोंड चांगलं हाय त्याचं. जसंच्या तसं."

मग, "अन् दाढी?"

"हाय न. शोभून राह्यली."

"बोल्लो होतो मी, साधू झाला म्हनून," केवळरामभाऊ वरून म्हणाला. त्याचा आवाज फाटला, पण छत्री हलली नाही. पडद्यावरचं चित्र जराही हललं नाही.

मी बाहेर येऊन मांडवाकडे ओरडले, "कोनी एक जन वर जा रे! माय मेली काय तुमची सगळ्याइची? बापाले पोराचं तोंड पाहू द्या!" सगळे गुणवंतरावांकडे बघायला लागले. मागच्या रांगेतून नागसेन उठला, सायकल दुरुस्तीवाला. झेंडा खाली टाकला आणि काही न बोलता जिन्याकडे धावला.

मी आत आले तर साहेब ऑफिसात आलेले. वायर कोणी काढली म्हणून रागानं आले असणार. पण त्यांनी पडदा बघितला आणि थांबले. बूट घातलेलेच, हात समोर घेऊन, डोकं जरा खाली, दोन श्वासभर उभे राहिले. मला वाटलं, चला, माणूस आहे. मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "अजून किती वेळ लागेल?"

तिकडे प्रफुल म्हणत होता, "काकू, पानी पाजतो आता. तुमीबी पाजा." त्याच्यामागून कोणीतरी हिंदीत "जल्दी करो भाई" म्हणत होतं. प्रफुलनं तळहातातून पाणी सोडलं. गोकुळाबाईनं गडव्यात बोटं बुडवली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर, जिथे पट्टीच्या वर ओठाची कड दिसत होती तिथे, हळूच टेकवली. पाण्याचा थेंब पडद्यावरून घरंगळत कीबोर्डवर गेला. पंचायतीचा लॅपटॉप. जाऊ दे जळून मेला तर!

"जी!" ती खिडकीतून म्हणाली. "मी पाजलं. तुमी या. तुमच्या वाट्याचं ठेवलं हाय."

नागसेन वर पोचला असावा. "सोडा भाऊ, मी धरतो," असं ऐकू आलं. हातातून हातात जाताना छत्री केवढी हलली असेल? केसभर. चित्र गोठलं. चौकोन झाले. चकरी आली.

"डावीकडं!" मी ओरडले. "नागसेनभाऊ, डावीकडं! वर! मागं!" केवळरामभाऊ जिना उतरून धापा टाकत आत आला, तेव्हा मी अजून ओरडतच होते. तो पडद्यासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही तळव्यांना चंदेरी रंग लागलेला, त्यात लाल. तो चकरीकडे बघत राहिला. ती फिरत होती आणि तो बघत होता. नागसेनला पुन्हा लाइन सापडली तेव्हा चित्र आलं, त्यात फक्त आग होती. चांगली पेटलेली. प्रफुल मोबाईल धरून लांब उभा होता.

केवळरामभाऊनं हात जोडले. जोडलेले हात तसेच ठेवून तो मला म्हणाला, "मॅडम, तुमीबी पाह्यलं न? चांगलं होतं न तोंड?"

मी गोड बोलण्यासाठी कधी खोटं बोलत नाही, गावाला माहीत आहे. "हो भाऊ," मी म्हटलं. "चांगलं होतं."

"अन् दाढी?"

"तुमच्यावर गेल्ता जी थो. शोभत होती."

त्यानं मान हलवली. फोन तिकडून कटला. साहेब एक सुस्कारा टाकून म्हणाले, "ठीक आहे. आता वायर लावा." मी वायर लावली नाही. ती हातात घेऊन उभी राहिले. साहेबांनी स्वतः पेटीत खुपसून पाहिली, त्यांना जमलं नाही. शेवटी बाहेर जाऊन माइकवर त्यांनी तांत्रिक अडचणीमुळे कार्यक्रम आटोपता घेत असल्याचं जाहीर केलं. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. ते पुन्हा आत आले, माझ्या खुर्चीवर बसले, रुमालानं मान पुसली. "फार ऊन आहे तुमच्याकडे. पाणी आहे का जरा?"

"केवळराम!" गुणवंतराव दारातूनच म्हणाले. "साहेबाले पानी दे."

केवळरामभाऊ सवयीनं वळला. पायही उचलला त्यानं. पण गुणवंतरावांना तेवढाही धीर नव्हता. त्यांनी पुढे होऊन माझ्या टेबलावरचा गडवा उचलला, तुळशीचं पान बोटानं काढून फेकलं आणि ग्लासात ओतायला वाकवला.

"भाऊ," केवळरामभाऊ म्हणाला.

ते थांबले. त्यानं त्यांचा हात धरला नव्हता, ओरडलाही नव्हता. फक्त पुढे येऊन रंगानं माखलेल्या दोन्ही हातांत गडवा घेतला, त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला, एखाद्याच्या हातून पोर घ्यावं तसा.

"हे पानी नाई," तो म्हणाला. "हे माह्या अमरचं हाय. माह्या वाट्याचं."

"मंग साहेबाले?" गुणवंतराव म्हणाले. हे त्यांनी खरंच विचारलं.

केवळरामभाऊनं गडवा छातीशी धरला. एवढ्या वर्षांत साहेबांनी पाणी मागितलं आणि त्यानं दिलं नाही असं पहिल्यांदा झालं. गोकुळाबाईनं जमिनीवर पडलेलं तुळशीचं पान उचललं, पदराला पुसलं आणि परत गडव्यात टाकलं. मग दोघं बाहेर पडली, मांडवातून, चटयांवरून, माणसांमधून. मांडवातल्या लोकांनी पाय आवरून घेतले आणि वाट दिली. एवढं तरी केलं मेल्यांनी.

नागसेन गच्चीवरून विचारत होता, "मॅडम, सोडू काय?"

"सोडा," मी म्हटलं.

छत्री वाऱ्यानं हळूहळू फिरली आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, लाल अक्षरांसकट. समोरच्या रस्त्यानं ती दोघं तलावाकडे चालली होती. ज्या पाण्यात त्यानं अमरला जाळं फेकायला शिकवलं होतं तिथेच तो आपल्या वाट्याचं सोडणार होता. गोकुळाबाई पुढे, तो मागे. पाळ चढताना त्यानं एक तळहात गडव्याच्या तोंडावर झाकण ठेवावं तसा धरला होता, म्हणजे हिंदकळून सांडायला नको.